आम्ही ते नव्हे, असा अर्ज

माझ्या हातून आजवर जे अर्ज लिहिले गेले, त्यांपैकी विनाअट मंजूर झालेला अर्ज एकच, आणि नेमकी त्याचीच मला लाज वाटते. हे विधान मी पुरेशा विचारान्ती करीत आहे. तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली मी अठरा वर्षे अर्जनवीस म्हणून बसलो. बारावीची परीक्षा मला दोनदा ओलांडता आली नाही. तथापि वकिलांचे मसुदे मी दुरुस्त करून दिले आहेत, हे तेथील कोणीही सांगेल. वारसनोंद, वीजजोड, बांधाचा तंटा, सकाळी सुनेविरुद्ध सासू आणि दुपारी सासूविरुद्ध तीच सून, असे सर्व पक्ष माझ्या एकाच टेबलापुढे बसून गेले. अर्जात राग कोठे ठेवावा आणि नम्रता कोठे, हे शिकवणारी शाळा नाही. मला ते येत होते.

पुढे पत्नीला नेदरलँड्समधील नायमेखन शहराच्या एका चिप-कारखान्यात नोकरी लागली. ती इंजिनिअर आहे. आमचा विवाह कसा जुळला हा स्वतंत्र अर्जाचा विषय होईल. तिच्या परवान्यावर ‘जोडीदार’ या रकान्यात माझे नाव आले आणि आम्ही नायमेखनपासून बसने चाळीस मिनिटांवरच्या एका लहान गावात राहावयास आलो. शहरात नोकरी मिळते, घर मिळत नाही. त्यामुळे त्या गावाच्या नव्या वसाहतीत पुण्या-मुंबईकडील बरीच कुटुंबे अशीच येऊन राहिली होती. मी सकाळी नायमेखन स्टेशनजवळच्या भारतीय किराणा दुकानात माल लावीत असे आणि दुपारनंतर वसाहतीतील मराठी मंडळींचे अर्ज लिहीत असे. कोणाचा खेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेला, कोणाचा घरमालकाला. मसुदा मी मराठीत करी, फोन त्याचे डच करी, पत्नी फोनच्या चुका काढी. तिघांत मूळ काम माझे, हे मी त्या दोघांना वेळोवेळी सांगत असे.

गावाबाहेर, जुन्या लष्करी बराकीत, आश्रय मागण्यासाठी आलेल्या लोकांचे केंद्र होते. ते लोक, आम्ही आणि जुने गावकरी, सर्व एकाच बसने जात असू. मग काही गावकऱ्यांनी तक्रार केली की, केंद्रातील लोकांमुळे बसमध्ये गर्दी होते व ते फोनवर मोठ्याने बोलतात. तक्रार नोंदवली गेली, बैठक झाली, कॉफी झाली आणि बस कंपनीने केंद्रासाठी निराळी बस सुरू केली. थांब्यावर सूचना लागली की, सर्वांच्या सोयीसाठी केंद्रातील रहिवाशांनी आपल्या बसने प्रवास करावा. ही दुसरी बस सहा मिनिटे मागून येई. तिला तिकीट नव्हते आणि ती मध्ये कोठेही न थांबता हमरस्त्याने थेट स्टेशनला जाई. सूचनेची भाषा सभ्य होती. मी या विषयातला जाणकार म्हणून सांगतो. मात्र केंद्रातला कोण आणि गावातला कोण, हे ड्रायव्हरने कसे ओळखावे याचा तीत उल्लेख नव्हता. ड्रायव्हरने आपल्यापुरता मार्ग काढला. तो रंग बघे.

पहिला प्रसंग आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांवर आला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, आणि ड्रायव्हरने त्यांना अंगठ्याने मागची बस दाखवली. त्याच रविवारी त्यांच्या घरी सभा भरली. दाराशी चपलांचा ढीग, आत पोहे.

“मला! मला त्यांच्यातला समजला तो!” सचिव म्हणाले.

“मी टॅक्स भरतो इथे. फुल टॅक्स.”

“आणि आपलं हायली स्किल्ड परमिट आहे. परमिट!”

“मग कपाळावर चिकटवा ना,” माझी पत्नी म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

हसू ओसरल्यावर सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. परदेशी आल्यापासून एवढ्या नजरा एकदम माझ्याकडे वळल्या नव्हत्या, आणि त्याचा परिणाम मसुद्यावर झाला हे मी नाकारीत नाही. मी लिहिले: “आम्ही खाली सह्या करणारे या वसाहतीतील उच्चशिक्षित, कायदेशीर व नियमित नोकरदार रहिवासी असून उपरोक्त केंद्राशी आमचा कोणताही संबंध नाही. सबब आमची व केंद्रातील व्यक्तींची गल्लत होऊ नये अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती.” उच्चशिक्षित या शब्दात मी स्वतः बसत नव्हतो, परंतु मसुदा लिहिणाऱ्याने मध्येच स्वतःला वगळले तर वाक्य लंगडे होते.

पत्नीने फोनचे डच तपासले आणि म्हणाली, “अहो, वेगळी बस बंद करा, असं यात कुठेच नाही.”

“ते या अर्जाच्या कक्षेत येत नाही.”

“बरं. कक्षा तुमची.”

सह्यांच्या वेळी घोटाळा झाला. पहिली सही कोणीच करीना. “माझं पर्मनंट रेसिडेन्सीचं चाललंय हो, मी आपला तिसरा सही करतो,” असे एक जण म्हणाला, आणि पाहता पाहता सर्वांनाच तिसरे व्हायचे होते. अशा प्रसंगी तालुक्यात आम्ही सह्या गोल घेत असू. मध्ये मजकूर, भोवती वर्तुळात नावे; पहिला कोण हे तहसीलदाराला समजत नाही. मी ताटली ठेवून पेन्सिलीने गोल काढून दिला. इंजिनिअर लोक त्या युक्तीवर खूश झाले. एकाने तिचे डिझाइन म्हणून कौतुक केले.

दोन आठवड्यांच्या आत उत्तर आले. कंपनीला आमची सूचना आवडली होती. वसाहतीतील परदेशी तज्ज्ञ व त्यांचे कुटुंबीय यांना एक पोपटी कार्ड मिळणार होते. ते दाखवले की ड्रायव्हर पहिल्या बसमध्ये घेईल. गणपतीच्या वर्गणीची जी यादी होती तिच्याच आधारे मंडळाने कार्डे वाटली. सचिवांच्या घरी शिरा झाला. माझा सत्कार झाला; शाल मिळाली नाही म्हणून मफलर घातला. मी दोन शब्द बोललो, आणि ते वीस मिनिटे चालले.

आता एका बाईविषयी लिहिले पाहिजे, कारण या सर्व प्रकरणात गमावण्यासारखे काही खरोखर कोणाजवळ असेल तर ते तिच्याजवळ होते.

सकाळच्या त्याच बसने माझ्याबरोबर एक सुरिनामी बाई जात असे. तिच्या पणजोबांना हिंदुस्थानातून, उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी, बोटीतून दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला, तेव्हाच्या डच मुलखात, नेले होते. ती स्वतः लहानपणीच येथे आली. वय आता पंचावन्नच्या पुढे, पासपोर्ट डच, आणि डच भाषा ड्रायव्हरपेक्षा स्वच्छ. ती मला भाई म्हणे, मी तिला दीदी. ती तिच्या सरनामी हिंदीत बोले आणि मी माझ्या दुकानी हिंदीत. ते सारे मी येथे मराठीत देत आहे. पुढच्या गावातील वृद्धाश्रमात न्याहारी आणि दुपारचे जेवण मांडण्याचे काम ती करी. साडेसातला तिने तेथे उभे असावे लागे. तिचे कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाने वाढत असे.

त्या ड्रायव्हरने आरंभी तिलाही अडवले होते. पण तेव्हा ती त्याला चांगले खणखणीत सुनावून चढत असे. आमची कार्डे आल्यावर सुनावण्याचा उपयोग राहिला नाही. आता ड्रायव्हरजवळ कसोटी होती.

“कार्ड?” त्याने विचारले.

“कसलं कार्ड? मी इथली आहे.”

“ही बस ज्यांची, त्यांच्याकडे कार्ड असतं. तुमची बस मागून येतेय.”

मी तिच्या पुढे होतो. मी माझे कार्ड दाखवून चढलो होतो. दार बंद झाले आणि बस निघाली. ती थांब्यावर उभी राहून ड्रायव्हरकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. मी त्या वेळी काय केले असे कोणी विचारील, तर मी बसायला जागा शोधली.

दुसरी बस वृद्धाश्रमापाशी थांबत नसे. त्या बसने स्टेशनला जाऊन तिला उलट यावे लागले. पन्नास मिनिटे उशीर झाला. चार दिवसांनी त्याच ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा पुन्हा तेच. त्यानंतर ती थांब्यावर भेटली तेव्हा मी आपण होऊन बोलणार होतो, पण तिने मला ती संधी दिली नाही.

“काय भाई, परवा खिडकीची जागा मिळाली का?”

“दीदी, तो ड्रायव्हरच—”

“ते पोपटी काय होतं?”

मी सांगितले. सांगताना आवाजात थोडा अभिमान शिरला, हेही कबूल करतो. सवय लवकर जात नाही.

“म्हणजे ते तू लिहिलंस.”

“मंडळाच्या वतीने.”

“मंडळाला हात असतो का? हात तुझा.” मग ती थांबून म्हणाली, “दोन लेट लागलेत. तिसरा लागला तर या वर्षी कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही, असं आमच्या मॅनेजरबाईंनी लिहून दिलंय. या वयात मला दुसरं कोण घेणार?”

मी तात्काळ उपाय सुचवला. तिच्यासाठीही कार्डाचा अर्ज करू. घरी जाऊन मी कंपनीचा फॉर्म उघडला. त्यात दोनच रकाने होते, परदेशी तज्ज्ञ आणि तज्ज्ञाचे कुटुंबीय. ‘इथलीच’ असा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो की, तूर्त आमच्या कुटुंबात दाखवता येईल, मावसबहीण म्हणून.

ती हसली, पण ते हसणे मला सोयीचे नव्हते. “पन्नास वर्षं मी या गावात राहते. माझ्याच गावच्या बसला तुझी मावसबहीण म्हणून चढू?”

“तात्पुरते, दीदी.”

“तात्पुरतं फक्त माझं कॉन्ट्रॅक्ट आहे. मी नाही.”

“मग मी काय लिहू?”

“लिहू नकोस,” ती म्हणाली. “चढू नकोस.”

मी ते पत्नीला सांगितले. पत्नी भांडी लावीत होती, ती न वळता म्हणाली, “तालुक्याला चहाच्या टपरीवर वेगळे कप ठेवायचे, त्याविरुद्ध तुम्ही अर्ज लिहून दिला होता. आठवतं? कप सगळ्यांना एकच ठेवा, असं लिहिलं होतंत. इथे काय लिहिलंत? आम्हाला चांगला कप द्या.”

पुढच्या रविवारी पुन्हा सभा भरली. मी ठराव मांडला की, सोमवारपासून कोणीही कार्ड दाखवू नये, पहिल्या बसवर बहिष्कार टाकावा आणि सर्वांनी दुसऱ्या बसने जावे. पोह्यांच्या बशा एकाएकी फार लक्षपूर्वक खाल्ल्या जाऊ लागल्या.

“आयडिया चांगली आहे,” सचिव म्हणाले, “पण ऑप्टिक्स बघा. आपण उगाच पोलिटिकल दिसू.”

“आणि पाऊस आला तर?”

“पाऊस दोन्ही बसना सारखाच लागतो,” पत्नी म्हणाली आणि पर्समधून आपले पोपटी कार्ड काढून तिने टेबलावर ठेवले. त्यानंतर आणखी काहींनी ठेवले. काहींनी खिसे चाचपून कार्ड घरी राहिल्याचे सांगितले.

येथे माझ्या पेशाची एक खोड नडली. आमच्याकडे आंदोलनाची आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते, प्रत माहितीसाठी चार ठिकाणी. मी रीतसर कंपनीला कळवले की, अमुक वारापासून आम्ही कार्डाचा त्याग करीत आहोत. कंपनीने त्याच दिवशी उत्तर दिले: कार्डाचा वापर ऐच्छिक आहे, अभिप्रायाबद्दल आभार, सोबत समाधान-सर्वेक्षणाची लिंक जोडली आहे. मी ते सर्वेक्षण भरले. पाचपैकी दोन दिले.

सोमवारी थांब्यावर आम्ही नऊ जण होतो. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या दिवशी घरून काम केले आणि त्यास बहिष्कार म्हटले. सचिव सायकलवर आले, आमच्यासमोर ब्रेक दाबून त्यांनी आपण दोन्ही बसवर बहिष्कार टाकल्याचे जाहीर केले आणि पुढे गेले. पहिली बस आली. आम्ही हललो नाही. ड्रायव्हरने दार उघडून ठेवले, घड्याळ पाहिले आणि तो निघून गेला. सहा मिनिटांनी दुसरी बस आली.

आत सगळे आमच्याकडे बघू लागले. पिकल्या दाढीचा एक गृहस्थ सरकून बसला, पत्नीला जागा दिली आणि इंग्रजीत सहानुभूतीने म्हणाला, “नवीन? आजच आलात?”

“हो,” पत्नी म्हणाली. “आजच.”

दीदीही आमच्याबरोबर चढली होती. मी ड्रायव्हरकडे जाऊन अत्यंत मुद्देसूद विनंती केली की, पुढच्या गावात, वृद्धाश्रमापाशी, एक मिनिट थांबावे. ते माझ्या मार्गात नाही, असे तो तेवढ्याच सौजन्याने म्हणाला. हमरस्त्यावरून वृद्धाश्रमाची विटांची इमारत दूर, शेतापलीकडे दिसते. ती दिसली, आणि मागे गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, आमच्या बहिष्काराच्या पहिल्याच दिवशी हिचा तिसरा लेट लागणार.

“दीदी, तुम्ही तरी पहिल्या बसने जायचं होतं. भांडून, काहीही करून.”

“एकटी मी त्या बसने गेले असते, तर तुम्ही नऊ जण इथे कुणासाठी बसला असतात?”

“पण तुम्हाला ठाऊक होतं?”

“घड्याळ मलाही बघता येतं, भाई.”

त्या संध्याकाळी सचिवांच्या हातून खरे काम झाले, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. त्यांना दीदीची हकिकत कळली. घोषणा हे त्यांचे क्षेत्र नव्हते, एक्सेल होते. वसाहतीत गाड्या कोणाकडे, कोण किती वाजता निघतो, कोणत्या दिवशी कोण बाईंना वृद्धाश्रमापर्यंत सोडील, याचा त्यांनी तासाभरात रंगीत तक्ता केला; आजारपणासाठी राखीव गाडीही ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दीदी साडेसातऐवजी सव्वासातला पोहोचू लागली. बहिष्कारात ज्यांना बसमध्ये चढायचे नव्हते, त्यांनाही गाडी चालवण्यास हरकत नव्हती. त्या तक्त्यात सही नव्हती, म्हणून पहिले कोण हा प्रश्नही उद्भवला नाही.

इकडे दुसरी बस भरू लागली. आम्ही होतोच, त्यात ती फुकट आणि थेट असल्याचा शोध जुन्या गावकऱ्यांनाही लागला. ज्या आजोबांनी गर्दीची तक्रार केली होती, ते स्वतः तिसऱ्या आठवड्यात तिच्या पायरीवर दिसले. केंद्रातील लोकांनाच त्यांच्या बसमध्ये जागा मिळेना. त्यांच्या परवान्यांच्या मुलाखती चुकू लागल्या आणि केंद्राने कंपनीकडे तक्रार केली. महिना उलटण्याच्या आत नवी सूचना लागली: प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला असून आता सर्वांसाठी एकच, अधिक मोठी बस धावेल. मंडळाला स्वतंत्र पत्र आले, ‘रचनात्मक सहकार्याबद्दल’ आभाराचे. सचिवांच्या मनात ते फ्रेम करून लावावयाचे होते.

मी ते पत्र दीदीला दाखवले. तिने ते वाचून परत दिले. “बस आली. आता जायला नोकरी राहते का, ते शुक्रवारी कळेल.” शुक्रवारी मॅनेजरबाई तिच्या कॉन्ट्रॅक्टचा निर्णय करणार होत्या, आणि कागदावर तीन लेट होते.

त्या दुपारी मी तिच्यासाठी तिच्या मॅनेजरांना एक पत्र लिहिले. पूर्ण पानभर; फोनने नेहमीप्रमाणे त्याचे डच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्याच्या बाकावर बसून तिने ते चष्मा लावून वाचले आणि माझ्याच शर्टाच्या खिशातले पेन घेतले.

“हे ‘परिस्थितीजन्य’ काढ.”

“तो शब्द वजनदार आहे.”

“म्हणूनच काढ. आणि इथे ‘दुर्दैवाने’ लिहिलंयस. दुर्दैव नव्हतं. तू होतास.”

शेवटी चार ओळी उरल्या. मी कार्डाचा अर्ज लिहिला. त्या कार्डामुळे हिला दोनदा बसमध्ये घेतले नाही. तिसऱ्यांदा ती आमच्यासाठी थांबली. उशीर हिचा नाही. खाली माझी सही, एकट्याची. एकट्याच्या सहीला गोल काढता येत नाही.

शुक्रवारी मॅनेजरबाईंनी मला वेळ देऊन बोलावले, दहा मिनिटे. दीदी बाजूला बसली होती. बाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि सावकाश इंग्रजीत विचारले, “हे कार्ड तुम्हीच मागितलं होतं?”

“हो.”

“का?”

मी तयारी करून गेलो होतो. सार्वजनिक हित, गैरसमज, भाषेची अडचण, असे तीन परिच्छेद माझ्याजवळ तयार होते. बाई पेन हातात धरून वाट बघत होत्या. दीदी जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, “मला दुसऱ्या बसमध्ये बसायचं नव्हतं.”

बाईंनी ते लिहून घेतले, मी बोललो तसेच. माझे एवढे लहान वाक्य यापूर्वी कोणाच्या दप्तरी गेले नव्हते. मग त्यांनी मला बाहेर थांबण्यास सांगितले. बाहेरच्या खोलीत आजी-आजोबा न्याहारी आटोपून बसले होते. एकीने मला डॉक्टर समजून गुडघा दाखवला, आणि मी तो गंभीरपणे पाहिला.

पाऊण तासाने दीदी बाहेर आली. अंगात कोट नव्हता, कामाचा एप्रन तसाच होता, एवढ्यावरून मला कळावयास हवे होते.

“काय झालं?”

“सहा महिने,” ती म्हणाली. “वर्ष नाही. सहा महिने बघणार, मग ठरवणार.”

“दीदी, यावर अपील करता येईल. मी आजच—”

“भाई.”

मी थांबलो.

“सहा महिन्यांत एकही लेट लागता कामा नये. तुला काही लिहावंसं वाटलं, तर आधी मला फोन कर.” मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि भांड्यांची ट्रॉली ढकलीत ती आत गेली, कारण दुपारची पाने वाढावयाची होती.